तंजावरचे मराठे राजे आणि श्वार्ट्झ पाद्री: एवढा विश्वास कशावरून?

मोडीवेडा
सध्या तंजावरच्या भोसल्यांबद्दल हाताला लागेल ते वाचतोय, आणि कुठलंही पान उलटलं की एक माणूस हमखास भेटतो. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. १७२६ चा जन्म, प्रशियातला, हाल्लेला शिकला, कोपनहेगनला दीक्षा घेतली आणि १७५० साली डॅनिश मिशनतर्फे तरंगंबाडीला उतरला. तो परत गेलाच नाही. आधी तिरुचिरापल्लीला राहिला, १७७८ पासून तंजावरला, आणि १७९८ च्या फेब्रुवारीत तिथेच वारला.

तर प्रश्न असा. १७८७ साली तुळजाजी राजे आजारी आहेत. पोटची मुलं गेलेली. भाऊबंदांतला दहाएक वर्षांचा मुलगा दत्तक घेतलाय (हाच पुढे सरफोजी). दरबारात भाऊ आहे, सरखेल (तंजावरात मुख्य कारभारी) आहे, पंडित आहेत, ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट (दरबारातला प्रतिनिधी) आहे. आणि राजे मुलाला बोलावून श्वार्ट्झच्या हवाली करतात, की हा आता माझा नाही, तुमचा मुलगा. एका परधर्माच्या, परदेशी, लग्न न केलेल्या धर्मोपदेशकाच्या हवाली! शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाच्या, व्यंकोजींच्या वंशातला राजा हे करतो.

हा विश्वास कशामुळे बसला असेल? आणि त्या विश्वासातून तंजावरला शेवटी मिळालं काय? माझं मत सांगून टाकतो, माणूस खरा होता. पण दुसरी बाजूही ऐकायची आहे.

ताराराणी_फॅन
वाचतेय. तंजावर म्हणजे सांबार, साडी आणि बाहुली एवढंच माहीत असणाऱ्यांसाठी धागा वर ठेवा कृपया.

तंजावरकर_चेन्नई
मोडीवेडा, विषय काढलात, फार बरं वाटलं. आम्ही तंजावर मराठी, घरात अजून मराठी बोलतो, तुम्हाला ऐकायला जरा वेगळी वाटेल पण मराठीच. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी या पाद्र्याचं नाव आदराने यायचं, त्यामुळे मी अगदी तटस्थ नाही हे आधीच सांगते.

विश्वास कशावरून याचं उत्तर माझ्या मते भातात आहे. १७८१ च्या सुमाराला हैदर अलीचं सैन्य तंजावर प्रांतात घुसलं, कावेरीच्या कालव्यांचे बांध फुटले, गुरं गेली, पिकं गेली. तंजावर म्हणजे अख्ख्या दक्षिणेचं भाताचं कोठार, आणि त्या तंजावरच्या किल्ल्यात शिपाई उपाशी मरायला लागले. श्वार्ट्झने स्वतः लिहून ठेवलंय की सकाळी रस्त्याच्या कडेला प्रेतं पडलेली असायची. बाहेर गावांमध्ये धान्य अगदीच नव्हतं असं नाही. पण शेतकरी आणायला तयार नव्हते, कारण आधी ज्यांनी आणलं त्यांना पैसे मिळाले नव्हते आणि बैल सरकारी वेठीला धरले गेले होते. राजाने हुकूम काढले, इंग्रज अधिकाऱ्यांनी सांगून पाहिलं, कोणी येईना.

तेव्हा राजाच म्हणाला की आपली सगळ्यांची पत गेलीय, आता लोक पाद्र्यावर विश्वास ठेवतात का ते बघू. त्याला मोकळीक दिली. श्वार्ट्झने गावोगाव निरोप धाडला की प्रत्येकाचे पैसे मी माझ्या हाताने देईन आणि बैल परत जातील. एक-दोन दिवसांत हजार बैल आले! ऐंशी हजार कलम धान्य (कलम हे तिकडचं माप) किल्ल्यात पोचलं. आणि त्याने पैसे चुकते केले. बास. राजाने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. ज्याच्या शब्दावर शेतकरी बैल सोडतो त्याच्यावर राजाने मुलगा सोपवला, यात मला काही नवल वाटत नाही.

गोडसाखर
ताई, शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला.

अनघा_के
मला या गोष्टीत दुसरंच दिसतं. किल्ल्यात कोणाचे शिपाई होते? कंपनीचे. हे धान्य आलं म्हणून कंपनीचा तळ टिकला. श्वार्ट्झ तिरुचिरापल्लीत असताना इंग्रज पलटणीचा चॅपलन (सैन्याचा पाद्री) होता, कंपनीकडून वर्षाला शंभर पौंड घ्यायचा. १७७९ मध्ये हैदर अलीकडे श्रीरंगपट्टणला गेला तो मद्रासचा गव्हर्नर रम्बोल्ड याच्या सांगण्यावरून गेला. राजाचा सल्लागार म्हणायचं आणि पगार दुसऱ्या सरकारचा, हे माझ्या पचनी पडत नाही. माणूस वाईट होता असं मी म्हणत नाहीये. त्याच्या चांगुलपणाचा उपयोग कोणी करून घेतला, एवढंच विचारतेय.

मोडीवेडा
अनघा, मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून श्रीरंगपट्टणचा प्रसंग जरा सविस्तर लिहितो.

हैदरला इंग्रजांच्या वकिलांवर काडीचा भरवसा नव्हता आणि त्याला कारण होतं. १७६९ च्या तहात इंग्रजांनी मदतीचं वचन दिलं, आणि थोरल्या माधवरावांच्या फौजा म्हैसूरवर गेल्या तेव्हा इंग्रज हललेच नाहीत. (म्हणजे या गोष्टीत पुण्याचाही हात आहे बघा.) तेव्हा हैदर म्हणाला असं सांगतात की त्या ख्रिस्ती माणसाला पाठवा, तो मला फसवणार नाही.

श्वार्ट्झ गेला, किल्ल्याबाहेर तंबूत राहिला, हैदरचा दरबार बघून त्याने जे लिहिलंय ते वाचण्यासारखं आहे. हैदरला लिहिता-वाचता येत नव्हतं. तो एका कारकुनाला पत्र सांगायचा, त्याच्याकडून वाचून घ्यायचा, मग दुसऱ्याच माणसाला बोलावून तेच पत्र परत वाचायला लावायचा. लिहिणाऱ्याने एक शब्द इकडचा तिकडे केला असेल तर त्याचं डोकं जायचं. दोनशे माणसं फक्त चाबूक घेऊन उभी असायची आणि त्यातून सरदार-जावईसुद्धा सुटायचे नाहीत.

परत निघताना हैदरने वाटखर्चाला तीनशे रुपये दिले. ते त्याने मद्रासला पोचल्यावर कंपनीच्या पुढ्यात ठेवले. ते म्हणाले तुम्हीच ठेवा. तर त्याने ते तंजावरच्या अनाथ मुलांच्या इंग्रजी शाळेसाठी लावले. पुढच्याच वर्षी हैदर कर्नाटकावर चालून आला म्हणजे शिष्टाई फुकट गेली, पण त्याही युद्धात हैदरचा आपल्या लोकांना हुकूम होता की पाद्री श्वार्ट्झला अडवू नका, त्याला जाऊ द्या. शत्रूसुद्धा ज्याला वाट मोकळी ठेवतो त्याला नुसता कंपनीचा माणूस म्हणता येईल का?

अनघा_के
म्हणता येणार नाही, नुसता नव्हता. पण तोही होता. वकील प्रामाणिक असला म्हणून पाठवणारा प्रामाणिक ठरत नाही. उलट पाठवणाऱ्याची पत वकिलामुळे वाढते, आणि मद्रासवाल्यांना नेमकं तेच हवं होतं.

वसईकर
मी कॅथलिक, श्वार्ट्झ लुथरन, म्हणजे आमच्या चर्चचा नव्हे. पण धर्मगुरूवर लोक का विश्वास टाकतात ते जवळून पाहिलंय म्हणून लिहितो. आमच्या गावात दोन भावांत वाडीच्या वाटण्यांवरून बोलणं बंद होतं, कोर्टात जायची वेळ आली होती, तेव्हा दोघांनी मूळ कागद फादरांच्या कपाटात नेऊन ठेवले. कारण साधं होतं, फादरांना त्या वाडीतली एक फूटही जमीन नको होती. ना बायको, ना मुलगा, ना मेहुणा. मागणारा कोणी नाही.

श्वार्ट्झचंही तसंच. लुथरन पाद्र्याला लग्नाची मोकळीक असते, त्याने केलं नाही. तिरुचिरापल्लीत असताना एका जुन्या इमारतीत खोली होती, त्यात पलंग आणि तो एवढंच मावायचं. काळ्या रंगवलेल्या सुती कापडाचे कपडे, जेवायला भात आणि भाजी, इथल्या पद्धतीने शिजवलेली. मागे उरलेला पैसा मिशनच्या कामाला ठेवून गेला. दरबारात सगळ्यांना काहीतरी हवं असतं, तिथे असा माणूस आला की तो उठून दिसतोच.

आणि बोली! तमिळ तर उत्तम होतीच, फारसी आणि हिंदुस्थानी शिकला, आणि राजाशी बोलता यावं म्हणून मराठी शिकला. मराठी राजाशी दुभाषा मध्ये न घालता बोलणारा युरोपियन तेव्हा किती असतील?

ताराराणी_फॅन
मराठी शिकला!! हे वाचून माझं मत बनलं. माझ्या बिल्डिंगमधल्यांना वीस वर्षांत जमलं नाही ते.

गोडसाखर
+१ :)

जुनापुराणा
चर्चा छान चाललीय. राजगुरू आणि सल्लागार म्हटल्यावर आपल्याकडचं धावडशीचं उदाहरण घ्यायलाच हवं. ब्रह्मेंद्रस्वामी. छत्रपती शाहू, बाळाजी विश्वनाथ, बाजीराव, चिमाजीअप्पा, आंग्रे सगळे त्यांच्या शब्दाला मान द्यायचे, एवढंच काय सुरुवातीला जंजिऱ्याच्या सिद्दीकडेही त्यांचं वजन होतं. १७२७ मध्ये सिद्दी सातने परशुरामाचं देऊळ उद्ध्वस्त केलं आणि मग स्वामींनी कोकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीला मुक्काम हलवला. त्यानंतर सिद्दीवर मोहीम काढा म्हणून त्यांनी शाहू महाराजांच्या मागे जो लकडा लावला तो पत्रांतून दिसतो.

पण स्वामी सावकारीही करत. बाजीरावांनी त्यांच्याकडून कर्ज काढलं होतं आणि सावकारांच्या पाया पडून पडून कपाळ झिजलं अशा अर्थाचं बाजीरावांचं त्यांनाच लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. गावं इनाम, बागा, तलाव. लोकोपयोगी कामं पुष्कळ केली, विहिरी आणि तळी आजही आहेत. पण ज्याचं आपण देणं लागतो त्याचा सल्ला आणि ज्याला आपलं काही नको त्याचा सल्ला, यात फरक पडतोच. वसईकर म्हणतात ते मला पूर्ण पटतं.

घाटवाट
काका, धावडशीवर वेगळा धागा काढा ना, तिथल्या तळ्याचे फोटो आहेत माझ्याकडे.

जुनापुराणा
काढतो, फोटो तयार ठेवा.

नवखी
मला एक कळलं नाही. मुलगा १७८७ ला श्वार्ट्झच्या हाती दिला आणि गादी तर १७९८ ला मिळाली असं वाचलं. मधली अकरा वर्षं काय झालं?

तंजावरकर_चेन्नई
नवखी, तिथेच खरी गोष्ट आहे.

तुळजाजींनी मुलगा पुढे केला तेव्हा श्वार्ट्झने हो म्हटलंच नाही. तो म्हणाला, हे माझ्या शक्तीपलीकडचं आहे. तुम्ही मुलाला कुंपण नसलेल्या बागेसारखं सोडून चाललाय, गादीवर डोळा असणारे खूप आहेत, जिवाला धोका आहे. मी महिन्यातून एकदा-दोनदा भेटू शकेन, त्याने काय होणार? तुम्हाला भाऊ आहे, त्याच्या हाती द्या, मुलगा मोठा होईपर्यंत त्याने स्वतःच्या लेकरासारखा सांभाळावा.

तर भाऊ म्हणजे अमरसिंह. राजे वारले आणि वाद सुरू झाला की हे दत्तकविधान शास्त्राला धरून आहे का. मुलगा बापाचा एकुलता एक होता, वय जास्त होतं, असे आक्षेप. मद्रासचा गव्हर्नर कॅम्पबेल याने तंजावरच्या पंडितांना विचारलं, पंडित म्हणाले दत्तक बाद. अमरसिंह गादीवर बसले. पंडितांना पैसे चारल्याचा आरोप नंतर झाला.

आणि मुलगा? त्याला एका खोलीत कोंडल्यासारखं ठेवलं, उजेड नाही, बाहेर जाणं नाही, शिकवायला कोणी नाही. गादीच्या वारसाला अक्षरं शिकवायला माणूस नाही! श्वार्ट्झ हे कंपनीला लिहीत राहिला, अमरसिंहांना तोंडावर सांगत राहिला, मुलासाठी पहारा बसवून घेतला. शेवटी १७९३ मध्ये सरफोजी आणि तुळजाजींच्या राण्यांना मद्रासला हलवलं, तिथे गेरिके नावाच्या दुसऱ्या मिशनऱ्याने त्याला शिकवलं. मधल्या काळात दत्तकाचा प्रश्न परत उकरला गेला, काशी-बंगालच्या पंडितांना विचारलं, त्यांनी दत्तक शास्त्रोक्त ठरवला, आणि १७९८ च्या जूनमध्ये सरफोजी गादीवर आले. श्वार्ट्झ त्याआधी साडेचार महिने गेला होता. ज्यासाठी एवढं केलं ते त्याला बघायला मिळालं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

अनघा_के
ताई, तुम्ही इतकं मनापासून लिहिलंत, तरी मला यातच त्याचा दोष दिसतो. अमरसिंहांच्या हाती मुलगा द्या हा सल्ला कोणाचा? त्याचाच. राजाने ज्याच्यावर जबाबदारी टाकली त्याने ती अंगावर घ्यायचं टाळलं आणि मुलाची सहा वर्षं अंधारात गेली. सल्लागाराने मी धर्माचा माणूस, राज्यकारभार माझा नव्हे असं म्हणायचं आणि सल्ला तर द्यायचाच, हे मधलं वागणं लोकांना महागात पडतं.

वसईकर
अनघा, दुसरी बाजूही बघा. त्याने हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? एक जर्मन पाद्री तंजावरचा कारभारी. सगळे म्हणाले असते की राज्य गिळायला आला आणि मुलाला बाटवणार. त्याने नाही म्हटलं म्हणूनच त्याच्या शब्दाला पुढे अकरा वर्षं किंमत राहिली.

आणि बाटवण्यावरून, हे कोणी विचारलं नाही म्हणून मीच लिहितो. तुळजाजींशी तो धर्माबद्दल उघड बोलायचा, राजे ऐकून घ्यायचे, धर्म बदलला नाही. सरफोजी त्याला बाप मानायचा, तोही शेवटपर्यंत हिंदू राहिला, काशीयात्रा केली, बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले वंशाचं चरित्र मराठीत कोरून घेतलं. मुलगा पूर्ण हातात असताना त्याच्यावर जोर केला नाही, याचं श्रेय त्या माणसाला द्यायला नको का?

अनघा_के
हे श्रेय देते. पूर्ण देते.

डॉक्टरकाका
थोडं अवांतर, पण सरफोजी राजांचा विषय निघाला आणि डोळ्यांचा विषय निघाला नाही तर मला झोप येणार नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आहेत. रुग्णाचं वर्णन, काय तक्रार, कोणती शस्त्रक्रिया, नंतर काय झालं, आणि सोबत डोळ्याचं रंगीत चित्र. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे केसपेपर आहेत हे! मी डोळ्यांचा डॉक्टर आहे, ती चित्रं छापील स्वरूपात पाहिली तेव्हा भिंगातला मोतीबिंदू चितारणाऱ्याने किती नीट बघितलाय ते कळलं. राजवाड्यात धन्वंतरी महाल होता, तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्य एकत्र काम करत. ही नजर राजांना मद्रासच्या शिक्षणातून आली असणार. अंधाऱ्या खोलीतून काढून त्या मुलाला शिकायला पाठवणारा माणूस कोण, तर श्वार्ट्झ. माझं मत त्याला.

घाटवाट
छापखानाही विसरू नका. सरफोजींनी १८०५ च्या आसपास तंजावरला देवनागरीचा छापखाना काढला होता, आपल्याकडे मुंबई-पुण्यात तेव्हा मराठी पुस्तकं छापायला सुरुवात झाली नव्हती.

गोडसाखर
आणि सांबार? तंजावरच्या शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमसूल संपलं म्हणून चिंच घातली आणि संभाजीराजांच्या नावावरून सांबार, ती गोष्ट खरी ना?

तंजावरकर_चेन्नई
गोडसाखर, ती गोष्ट आमच्या घरातही सांगतात पण कागदाचा पुरावा मी तरी पाहिलेला नाही. तुम्ही जेवायला या, सांबार मात्र खरं मिळेल.

घाटवाट
मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागावर कोणीच बोललं नाही, तंजावरला शेवटी मिळालं काय. मी आकडे लिहितो.

२९ जून १७९८, सरफोजी गादीवर. २५ ऑक्टोबर १७९९, गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या काळातला तह. या तहाने तंजावरचा सगळा मुलकी आणि फौजदारी कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला राहिला, वर्षाला एक लाख पॅगोडा (दक्षिणेतलं सोन्याचं नाणं) आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. सोळा महिन्यांत राजा मिळाला आणि राज्य गेलं. अमरसिंहांनी सही केली नसती म्हणून सरफोजींना आणलं का, हा प्रश्न विचारायलाच लागतो. आणि सरफोजींचा दत्तक शास्त्रोक्त आहे हे कंपनीच्या गळी उतरवण्यात सर्वांत मोठा वाटा श्वार्ट्झचा होता. त्याचा हेतू स्वच्छ होता असं मीही मानतो. पण त्याने उघडलेल्या दारातून कोण आत आलं ते बघा. पुढे १८५५ ला सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे पुरुष वारसाशिवाय वारले आणि उरलंसुरलंही खालसा झालं.

मोडीवेडा
घाटवाट, तारखा बरोबर आहेत पण कारणांची साखळी मला पटत नाही. तंजावरच्या गळ्यात दोरी १७९९ ला पडली नाही. १७७३ मध्येच अर्काटचा नवाब महंमद अली कंपनीची फौज घेऊन आला, तुळजाजींना कैद केलं, राज्य घेतलं. १७७६ ला मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगट याने राजांना परत बसवलं तर त्या पिगटलाच मद्रासच्या कौन्सिलने अटकेत टाकलं आणि तो अटकेतच मेला, कारण कौन्सिलमधल्या कित्येकांचे पैसे नवाबाच्या कर्जात अडकले होते आणि ते तंजावरच्या महसुलातून वसूल व्हायचे होते. त्यानंतर तंजावरचा राजा खंडणी, फौजेचा खर्च आणि कर्ज यातच बुडालेला. श्वार्ट्झ दरबारात रुळला तोवर राज्य जवळपास गेलेलंच होतं. त्याच्या हातात राज्य वाचवणं नव्हतं, माणसं वाचवणं होतं.

त्याचं उदाहरण देतो. तुळजाजींच्या शेवटच्या वर्षांत मुलं गेल्यामुळे राजे खचले होते, कारभार बाबा नावाच्या सरखेलाच्या हाती. त्याने रयतेला असं पिळलं की पासष्ट हजार माणसं मुलूख सोडून गेली. कंपनीने पाहणीसाठी कमिटी नेमली, तिच्यात श्वार्ट्झला घेतलं. तो म्हणाला येतो, पण कोणावर जबरदस्ती करणार नसाल तरच. मग राजाच्या नावाने त्याने लोकांना निरोप दिला की परत या, जुलूम होणार नाही. राजाच्या वचनावर कोणी येईना, श्वार्ट्झने स्वतःचा शब्द दिला तेव्हा एका दिवसात सात हजार लोक परतले. पेरणीचा हंगाम निघून चालला होता. तो म्हणाला आता जोर लावा, तर शेतकरी म्हणाले, तुमच्यासाठी रात्रंदिवस राबू.

नवखी
सात हजार एका दिवसात... हे शाळेत का नव्हतं आपल्याला?

ताराराणी_फॅन
कारण आपल्याकडे इतिहास महाराष्ट्राची हद्द ओलांडली की एका परिच्छेदात संपतो. तंजावर, जिंजी, बडोदा, ग्वाल्हेर सगळे मिळून एक परिच्छेद.

अनघा_के
मोडीवेडा, हा प्रसंग जोरदार आहे आणि माझ्यावर परिणाम झाला. तरी एक गोष्ट सांगू का. आत्तापर्यंत आपण सगळ्यांनी जे लिहिलं, बैल, परतलेले शेतकरी, बागेचं कुंपण, हैदरचे चाबूकवाले, यातलं बहुतेक सगळं श्वार्ट्झच्याच पत्रांतून आलंय. ती पत्रं हाल्लेला आणि लंडनला जायची, छापली जायची, वाचून लोक मिशनला देणग्या द्यायचे. पत्रं खोटी आहेत असं नाही. पण अमरसिंहांची बाजू कोणी लिहिली? आपण त्यांना खलनायक करून मोकळे झालो. गादीवरून उतरवल्यावर ते तिरुविडैमरुदूरला राहिले आणि १८०२ ला वारले, त्यांच्या पदरच्या लोकांचं म्हणणं काय होतं?

जुनापुराणा
शाब्बास, ही खरी इतिहासाची नजर.

तंजावरकर_चेन्नई
अनघा, बरोबर आहे. पण एक पुरावा श्वार्ट्झच्या हातचा नाही आणि तो संगमरवराचा आहे.

पाद्री गेला तेव्हा सरफोजींनी शेवटचं दर्शन होईपर्यंत पेटी बंद करू दिली नाही, रडले, वर जरीचं वस्त्र घातलं. मग १८०१ मध्ये लंडनच्या मिशन सोसायटीला पत्र लिहून स्मारक करवून घेतलं, फ्लॅक्समन या त्या काळच्या नामवंत शिल्पकाराकडून. ते तंजावरला शिवगंगा तळ्याशेजारच्या चर्चमध्ये आहे. मी लहानपणापासून अनेकदा पाहिलंय. म्हातारा पलंगावर पडलाय, सरफोजी पगडी घालून शेजारी उभे, म्हाताऱ्याचा हात हातात. उशाशी गेरिके. शाळेतली मुलं. पलंगावरच्या चादरीच्या घड्या इतक्या मऊ दिसतात की हात लावावासा वाटतो. थडग्यावरच्या दगडासाठी राजांनी स्वतः इंग्रजीत कविता केली. खंबीर, नम्र, शहाणा, निष्कपट, अनाथांचा बाप, विधवांचा आधार, असं सगळं सांगून शेवटी म्हणतात, बाबा, मी तुमच्या लायकीचा होवो हीच तुमच्या सरभोजीची प्रार्थना.

हे कोणा मिशनऱ्याने लिहून दिलेलं नाही. राजाला त्यातून काही मिळायचं नव्हतं, देणारा तर मेलेला होता.

घाटवाट
कंपनीनेही त्याचं स्मारक केलं ना पण? मद्रासच्या किल्ल्यातल्या सेंट मेरी चर्चमध्ये, बेकन या शिल्पकाराचं. एकाच माणसाला राजाने संगमरवर दिला आणि ज्यांनी राजाचं राज्य घेतलं त्यांनीही दिला. मला तर दोन्ही स्मारकं शेजारी ठेवून बघावीशी वाटतात. अनघाचा सुरुवातीचा प्रश्न तिथेच उभा आहे.

डॉक्टरकाका
१८२६ मध्ये कलकत्त्याचा बिशप हेबर तंजावरला आला होता. श्वार्ट्झला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती, कंपनीची मर्जी राखायची तर पाद्र्याचं नाव काढायची काही गरज उरलेली नव्हती. तरी सरफोजी त्याच्याबद्दल बापाबद्दल बोलावं तसं बोलले. हेबर चकित झाला तो राजांच्या विद्वत्तेने, लाव्हाझिए आणि लिनियस हे युरोपातले शास्त्रज्ञ तोंडपाठ, शेक्सपियरवर मतं. हेबरने राजपुत्र शिवाजीला आपल्याबरोबर प्रवासाला न्यावं, शिकवावं असं सुचवलं, राजे तयार होते, पण राणीसाहेबांनी नकार दिला.

नवखी
राणीसाहेबांचं मला पटलं. एकदा मुलगा दुसऱ्याच्या हाती दिल्यावर काय झालं ते त्या घराने पाहिलं होतं.

वसईकर
नवखी, उलट त्या घरात मुलगा वाचला तो दुसऱ्याच्या हाती दिल्यामुळेच. आपल्या माणसाच्या हाती होता तेव्हा अंधाऱ्या खोलीत होता.

नवखी
हं. हेही खरं.

मोडीवेडा
घाटवाट, अनघा, तुमचं म्हणणं मनात राहिलंय. माझं मत अजून तेच आहे की विश्वास शब्द पाळल्याने आणि काही न मागितल्याने बसला, आणि तो योग्य माणसावर बसला. कंपनीच्या पगाराचा मुद्दा मी टाळणार नाही, तो राहतोच. पण १७८१ च्या तंजावरमध्ये शेतकऱ्याच्या समोर राजा, नवाब, कंपनी आणि हैदर असे चार जण होते आणि चौघांनीही त्याला लुटलं होतं. पाचवा एकच होता.

अमरसिंहांच्या बाजूबद्दल, तंजावर दरबाराची हजारो मोडी कागदपत्रं सरस्वती महालात आणि तंजावरच्या तमिळ विद्यापीठात आहेत. १७८७ ते १७९८ मधले कागद कोणी वाचलेत का इथे? रोजमेळ, खर्चाच्या याद्या, काहीही चालेल. सरफोजींच्या खोलीला तेल किती दिलं जायचं एवढं जरी एखाद्या यादीत सापडलं तरी मला हवंय.

तंजावरकर_चेन्नई
मोडीवेडा, माझ्या मामेबहिणीला मोडी येते, तमिळही येते. विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

अनघा_के
मलाही व्यनि करा ताई. यादी मिळाली तर लिप्यंतराला मी बसेन.